बचतगटात श्वासाचा सराव घेतला की बायकांना चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात. काय चुकून राहिलं?

सतरंजी_सोमवार

नमस्कार मंडळी. आर्वी तालुक्यातल्या एका गावात दर सोमवारी समाजमंदिरात बचतगटाची बैठक असते. हप्त्याचा हिशेब सुरू व्हायच्या आधी दहा मिनिटं श्वासाचा सराव घ्यायचा, असं गटानं ठरवलं आहे. बायका चौदा-पंधरा, वय २२ ते ६५. ताण कशाचा ते इथं कोणाला सांगायला नको: कापूस घरात पडून, सोयाबीनला भाव नाही, पीककर्जाचं नवं-जुनं व्हायचं आहे, रात्री ओलिताची लाईन येते म्हणून घरचा माणूस वावरात आणि बाई घरी जागी.

सध्याची पद्धत मोबाईलवरच्या व्हिडिओतली आहे. ताठ बसून "छाती भरून खोल श्वास घ्या, थांबा, जोरात सोडा" असं वीस वेळा, मग कपालभातीचे शंभर ठोके. झालं असं की चार जणींना चक्कर आल्यासारखं होते, ओठाला आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात. एकीची तर बोटं आकडल्यासारखी आत वळली आणि बाजूच्या म्हातारीनं "हिला बाहेरचं झालं" म्हणून सरळ निंबू आणायला पाठवलं. एकीची धडधड कमी व्हायच्या ऐवजी वाढते. बाकीच्या म्हणतात, काहीच फरक नाही.

गटात एकीला सिकलसेल आहे, दोघींना बीपीची गोळी सुरू आहे, एक सहा महिन्यांची गरोदर, एकीला दमा. सराव बंदच करावा का? की पद्धत बदलावी? आणि बदलायची तर नेमकी कशी, मोजून सांगा. "मन शांत ठेवा" असलं उत्तर नको, ते व्हिडिओतही आहे.

पेरं_मोजा

सराव बंद करू नका, व्हिडिओ बंद करा.

चूक "खोल" या शब्दात आहे. खोल म्हटलं की माणूस मोठा श्वास घेतो, छाती फुगवतो, खांदे कानाला टेकवतो. ताण उतरवायला मोठा श्वास लागत नाही, सावकाश लागतो. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बहुतेक व्हिडिओ त्यांची भेसळ करतात.

हिशेब करा. शांत बसलेला माणूस एका श्वासात साधारण अर्धा लिटर हवा घेतो, म्हणजे पाण्याची लहान बाटली. मिनिटाला बारा-चौदा श्वास धरले तर सहा-सात लिटर झाली. तुमच्या सरावात एकेक श्वास दीड-दोन लिटरचा, आणि जोरात सोडायचा म्हटल्यावर वीस श्वास दीड मिनिटातच उरकतात. मिनिटाला पंचवीस लिटर कुठेच गेली नाही. लागते सात, फिरवली पंचवीस. यातून ऑक्सिजन काही वाढत नाही, निरोगी माणसाच्या रक्तात तो आधीच ९५ टक्क्यांच्या वर भरलेला असतो. कमी होतो तो कार्बन डायऑक्साइड. चक्कर आणि मुंग्या तिथून येतात, त्याचं नीट कारण दवाखान्यातलं कोणी सांगेल.

आता पद्धत.

बसायच्या आधी परकराची नाडी सैल करायला सांगा. हसू नका, अर्धा घोटाळा इथंच असतो. नाडी घट्ट असली की पोट पुढं येत नाही, मग श्वास आपोआप छातीत चढतो. मांडी घालून बसणाऱ्यांनी ढुंगणाखाली पोत्याची किंवा सतरंजीची चार बोटं उंच घडी घ्यावी. कंबर गुडघ्यांपेक्षा वर आली की पोट मोकळं होते. गुडघे दुखणाऱ्यांनी ओट्यावर पाय खाली सोडून बसावं, नाहीतर भिंतीला पाठ लावून पाय लांब करावे. ताठ म्हणजे शाळेतल्या कवायतीसारखं ताठ नाही. कणा सरळ, खांदे पडलेले, जबडा सैल, दात एकमेकांना लागलेले नाहीत.

एक हात बेंबीच्या वर, एक छातीवर. तोंड बंद, श्वास नाकानं. खालचा हात बोटभर पुढं यावा, वरचा जवळपास हलू नये. पोट मुद्दाम ढकलायचं नाही, ते हवेनं यायला पाहिजे. कोणाला जमतच नसेल तर घरी पाठीवर झोपून, गुडघे वाकवून, पोटावर पाव किलो तुरीच्या डाळीची पिशवी ठेवायची आणि ती वर-खाली होताना पाहायची. दोन-तीन दिवसांत कळते. (गरोदर बाईनं हे करू नये, तिनं बसूनच.)

मोजणी: पहिला आठवडा तीन आकडे आत, चार आकडे बाहेर. जमलं की चार आत, सहा बाहेर. आकडा एका सेकंदाचा. चार आणि सहा दहा, म्हणजे मिनिटाला सहा श्वास. एवढ्या सावकाश श्वासाला हवा थोडी जास्त लागणारच, पाऊण ते एक लिटर, पण ती आपोआप येते, ओढावी लागत नाही. आत आणि बाहेरच्या मध्ये थांबायचं नाही. रोखणं पूर्ण काढून टाका.

ताणातला माणूस भराभर मोजतो, दहा म्हणता म्हणता सहाच सेकंद झालेले असतात. म्हणून मनात मोजायला लावू नका. एकीनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून मोठ्यानं मोजावं, बाकीच्यांनी डोळे मिटून किंवा खाली नजर ठेवून श्वास घ्यावा. श्वासांची संख्या अंगठ्यानं पेरांवर: चार बोटं, बोटाला तीन पेरं, बारा श्वास म्हणजे दोन मिनिटं. दोन्ही हात झाले की चार मिनिटं. मग एक मिनिट काही न मोजता नेहमीचा श्वास. पाच मिनिटांत काम झालं. दहा मिनिटं ओढायची गरज नाही, सुरुवातीला तर नाहीच.

बाहेरचा श्वास लांबत नसेल तर बशीतल्या चहावर फुंकर घालतो तसे ओठ करून सोडायचा. चहावर लहर उठावी, बशीबाहेर सांडू नये, इतक्याच जोरानं.

बरोबर चाललं आहे हे कशावरून ओळखायचं? तोंडात लाळ सुटते, जांभई येते, पोटात गुडगुडते, हात कोमट होतात. चुकत असेल तर मध्येच हवेची भूक लागते, एक मोठा श्वास घ्यावा असं वाटते. तसं झालं तर बाहेरचा आकडा एकानं कमी करा. चक्कर आली तर मोजणी सोडून नेहमीसारखा श्वास घेऊ द्या, उठू देऊ नका.

लांब उच्छ्वासाचं कारण बायकांना हातावर दाखवता येते. मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला तीन बोटं ठेवून नाडी धरा. श्वास आत जाताना ठोके किंचित भरभर, बाहेर जाताना किंचित सावकाश पडतात. श्वास सोडताना मेंदूकडून हृदयाकडे जाणाऱ्या व्हेगस नावाच्या मज्जातंतूचा लगाम ओढला जातो, म्हणून. तरण्या पोरींना हे पटकन लागते. वय झालेल्यांना, जुन्या शुगरवाल्यांना, बीपीच्या काही गोळ्या सुरू असलेल्यांना ठोक्यातला फरक लागत नाही. त्यांनी निराश होऊ नये, सरावाचा फायदा त्यावर अडत नाही.

कपालभातीबद्दल एवढंच की ती तरतरी आणणारी क्रिया आहे. बैठकीआधी डोकं शांत करायचं असेल तर ते उलट्या दिशेचं औषध झालं.

उपकेंद्र_ड्युटी

वरच्या उत्तराशी सहमत. राहिलेलं कारण सांगते.

जोरजोरात श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो. तो उतरला की मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून डोकं हलकं होते, डोळ्यांपुढे अंधारी येते. शिवाय रक्त जरा अल्कलीकडे झुकते, त्यामुळे रक्तातलं वापरता येण्यासारखं कॅल्शियम कमी पडते. मग ओठाला, बोटांना मुंग्या येतात आणि फार झालं तर हाताची बोटं आत वळतात. ती ताई बाहेरच्या बाधेनं आकडली नव्हती, जास्तीच्या हवेनं आकडली होती. अशा वेळी निंबू नको, इंजेक्शन नको आणि तोंडाला कागदी पिशवीही नको. पिशवीचा उपाय जुना झाला. दमा किंवा हृदयाचं दुखणं असलं तर त्यानं जीवावर बेतू शकते. तिच्याशी हळू आवाजात बोलायचं, नाकानं लहान श्वास घे, सोडताना लांबव, एवढंच सांगत राहायचं. पाच-दहा मिनिटांत बोटं सुटतात. नाही सुटली, तोंड वाकडं दिसलं, बोलणं जड झालं किंवा एकाच बाजूचा हात-पाय ढिला पडला, तर तो लकवा असू शकतो. लगेच १०८.

तुमच्या गटातल्या एकेकीबद्दल:

सिकलसेलवाल्या ताईनं श्वास रोखायचा नाही, कपालभाती-भस्त्रिका करायची नाही. शरीरात ऑक्सिजन किंवा पाणी कमी पडलं की तिच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि अडकतात. चार-सहाचा साधा सराव, रोखण्याशिवाय, चालेल. सरावाआधी पेलाभर पाणी. आणि छातीत दुखून ताप आला, दम लागला, तर ते ताणाचं समजून घरी बसायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना.

बीपीवाल्या दोघींना हा सराव चांगलाच आहे, पण गोळी सुरूच ठेवायची. "श्वासानं बीपी उतरलं" म्हणून गोळी सोडलेली माणसं पुढं जास्त बीपी घेऊन येतात. दम्याच्या बाईला घरघर सुरू असेल तर आधी डॉक्टरांनी दिलेला पंप, सराव मग. गरोदर ताईनं रोखणं आणि पोटाचे झटके पूर्ण टाळावे. हर्निया, काचबिंदू, मिरगी, नुकतंच पोटाचं ऑपरेशन यांनाही कपालभाती नको.

ज्यांना "काहीच फरक नाही" किंवा उलट धडधड वाढते, त्यांचं हिमोग्लोबिन तपासा. रक्त कमी असलं की पाण्याची गुंडी घेऊन चार पावलं चाललं तरी दम लागतो, धडधडते, आणि घरचे म्हणतात टेन्शन घेते. त्याला लोहाची गोळी लागते, श्वास मोजून रक्त वाढत नाही. थायरॉइडचंही तसंच.

फवारणीच्या दिवसांतली एक गोष्ट मात्र गटात दरवर्षी सांगा. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन माणसं गेली, ते सगळ्यांना आठवत असेल. फवारून आलेल्या माणसाला घाम सुटला, तोंडाला लाळ, मळमळ, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, छातीत घरघर, तर तो ताण नाही. त्याचे कपडे काढा, अंग साबणानं धुवा आणि औषधाच्या डब्यासकट दवाखान्यात न्या. त्याला "खोल श्वास घे" म्हणणं सर्वांत वाईट सल्ला. फवारणी चालू असलेल्या वावराच्या कडेला श्वासाचा सराव कोणीच करू नये, हे वेगळं सांगायला नको.

छातीत दाब, तो हातात-जबड्यात सरकणं, थंड घाम: याही वेळी मोजणी करत बसायचं नाही.

धुऱ्यावरचा

ताई, तुमचं समाजमंदिरातलं ठीक हाये. पन सोमवारी पाच मिंटं करून मंगळवारी बँकीत साहेबासमोर उभं राहाले काय कामाचं? तवाच तं लागते ते. मनून वावरातली आन् रांगेतली पद्धत सांगतो.

सगळ्यात जल्दी उतरवणारा म्हंजे दोनदा घेतलेला श्वास. नाकानं एक श्वास घ्याचा, सोडाच्या आंधी त्यावरच अजून एक बारकासा घोट घ्याचा, आन् मंग तोंडानं लांब सोडाचा, पार रिकामं होईस्तोवर. रडून रडून दमलेलं लेकरू झोपतानी जसा हुंदका घेते, तसाच. वरच्या घोटानं फुफ्फुसातले चिपकलेले बारके फुगे उघडतेत. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठवाल्याईनं २०२३ मध्ये हेच रोज पाच मिंटं, महिनाभर लोकाईकडून करून घेतलं, तं बाकीच्या श्वासाच्या प्रकाराईपेक्षा आन् नुसत्या ध्यानापेक्षा यानं मन जास्त हलकं झालेलं दिसलं. पन रांगेत पाच मिंटं कायले? दोन-तीन बस. दहा-बारा लागोपाठ, भरून भरून घेसान तं थेच चक्कर येईन जे बायाईले आली.

बँकीत, जिनिंगवर गाडी खाली होईपावेतो, मोजणीवाला येईपावेतो: डोये उघडे, तोंड बंद, कोनाले कयतही नाई. चार आत, सहा बाहेर, अंगठा पेरावर. खिशात हात घालून पेरं मोजा, कोनी पायत नाई.

चालतानी: तीन पावलं आत, पाच पावलं बाहेर. धुऱ्यावरून घरी येतानी हे बेस जमते. डोक्यावर भारा, पाठीवर फवाऱ्याचा पंप, हातात वखर असन तं करू नोका. कष्टाच्या कामात शरीराले हवा जास्त लागतेच, तिथं श्वास आखडला तं दमच लागन. गाडी चालवतानी डोये मिटाचा प्रकार तं बिलकूल नोको.

आन् खर्रा. टेन्शन आलं का माणूस पयले खर्रा घोटते. तंबाखूनं ठोके वाढते, कमी नाई होत. बरं वाटते थे तलफ मिटल्याचं. गालात खर्रा ठेवून असा लांब श्वास घेतला तं सुपारी नरड्यात जाईन. थुकून, चूळ भरून, मंगच. एक काम करून पाहा: तलफ आली का आंधी बारा पेरं, मंग खर्रा. कई वेळा बारा पेरं होईस्तोवर तलफेचा जोर कमी होते. नाई झाला तं नाई झाला.

एप्रिल-मे मध्ये दुपारी बारा ते चार हे कराचं नाई. ४५ डिग्रीत डोकं दुखून रायलं, चक्कर येऊन रायली तं थे ऊन हाये, ताण नाई. सावली, पाणी, मिठ-साखर.

नापिकी

वाचलं सगळं. श्वास सोडल्यानं कर्ज सुटते का बाप्पा? इकडे बोंडअळीनं कापूस गेला, तिकडे विम्याचे पैसे आले नाहीत, आणि माणसाला सांगायचं की नाकानं श्वास घे. दोष भावाचा, पाण्याचा आणि कर्जाचा आहे, दुरुस्ती मात्र शेतकऱ्याच्या नाकाची. हे शिबिरवाल्यांना बरं पडते, एक सतरंजी आणि एक फोटो, झालं काम.

उपकेंद्र_ड्युटी

तुमचा राग चुकीच्या जागी नाही. श्वासानं कर्ज सुटत नाही, आणि तसं सांगून कोणी शिबिर घेत असेल तर त्याला गटात येऊ देऊ नका. त्याचं काम फार लहान आहे: ठोके चढलेले असताना माणूस कागद नीट वाचत नाही, साहेबाशी भांडतो नाहीतर दबतो, घरी आल्यावर लेकराला मारतो. दोन मिनिटांत ठोके उतरले तर हातातलं काम नीट होते. तेवढंच. भावाचं भांडण भावाच्या जागी लढावंच लागेल.

आणि एक हद्द लक्षात ठेवा. दोन आठवड्यांच्या वर झोप नाही, जेवणावर वासना नाही, कशातच मन नाही, "माझ्यामागं तुमचं बरं होईल" अशी भाषा, घेतलेल्या उसन्याचे हिशेब एकाएकी मिटवणं: इथं श्वासाचा सराव पुरत नाही. सरळ विचारा, "जीव द्यायचा विचार येते का?" विचारल्यानं विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस बोलायला लागतो. त्याला एकटं सोडू नका, फवारणीच्या बाटल्या घरातून हलवा किंवा कुलपात घाला आणि किल्ली दुसऱ्याकडे द्या. फोन १४४१६, टेलिमानस, चोवीस तास, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. आरोग्य खात्याचा १०४ सुद्धा आहे. शेतकऱ्यांसाठीचा प्रेरणा प्रकल्प सरकारनं २०१५ मध्ये सुरू केला तो याचसाठी. आशाताईला सांगितलं की ती जिल्हा रुग्णालयातल्या समुपदेशकाशी गाठ घालून देते.

सतरंजी_सोमवार

धन्यवाद सगळ्यांना. नाडीचं (परकराच्या) वाचून दाखवलं तर सगळ्या हसल्या आणि मग निम्म्या जणींनी खरंच सैल केली.

अजून तीन गोष्टी विचारायच्या राहिल्या. म्हाताऱ्या बायका म्हणतात आम्हाला आकडे नको, काहीतरी म्हणायला द्या. दुसरं, अनुलोम-विलोम करताना चमकी टोचते आणि काहींची एक नाकपुडी बंदच असते. तिसरं, रात्री लाईनमुळं दोन वाजता जाग आली की पुन्हा झोप लागत नाही, तेव्हा काय?

पेरं_मोजा

म्हाताऱ्यांचं बरोबर आहे, आकड्यांपेक्षा ओळ चांगली. २००१ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये दाखवलं होतं की लॅटिनमधली माळेवरची ख्रिस्ती प्रार्थना म्हणा की "ओम मणि पद्मे हुम" म्हणा, म्हणणाऱ्याचा श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास येतो. धर्म कोणताही असो, लांब ओळ एका श्वासात म्हटली की उच्छ्वास लांबतोच. तुमच्याकडे गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना असेल, हरिपाठ असेल, बुद्धवंदना असेल. जे ज्याचं असेल ते. अट इतकीच: ओळ साधारण सहा सेकंदांची, मध्ये श्वास तोडायचा नाही, ओळ संपल्यावर नाकानं निवांत श्वास, मग पुढची. खंजेरीचा ठेका चढायला लागला की श्वासही चढतो, म्हणून या पाच मिनिटांत खंजेरी बाजूला. भजनाला तिचा मान वेगळा आहेच.

नाहीतर भ्रामरी द्या. तोंड बंद, दात सुटे, जीभ सैल, नाकानं श्वास घेऊन "म्म्म" असा गुंजार, आवाज बाजूच्या बाईला जेमतेम ऐकू जावा. वरच्या ओठावर आणि नाकाच्या हाडावर थरथर लागली पाहिजे. फक्त गळ्यात लागली तर आवाज फार खालचा किंवा फार जोराचा आहे. सहा ते दहा वेळा पुरे. गुणगुणल्यानं नाकातला नायट्रिक ऑक्साइड वायू साध्या उच्छ्वासाच्या कितीतरी पट बाहेर पडतो, स्वीडनच्या संशोधकांनी २००२ मध्ये तो पंधरा पट मोजला होता. तो वायू रक्तवाहिन्या सैल करतो. पण मला विचाराल तर भ्रामरीचा खरा फायदा साधा आहे: गुणगुणताना श्वास घाईनं सोडताच येत नाही. कानात बोटं खुपसू नका, कानापुढची लहान पाळी हलकी दाबली तरी चालते. कान वाहत असेल तर तेही नको.

चमकीचं. बोट नाकपुडीच्या कडेवर ठेवल्यामुळं ती टोचते. नाकाचं हाड जिथं संपते आणि मऊ भाग सुरू होतो, तिथं एक खोलगट जागा लागते, चमकीच्या बोटभर वर. तिथं अनामिकेचं पेर टेकवायचं, दाबायचं नाही, झाकण ठेवल्यासारखं. उजवीकडं अंगठा तसाच. पहिलं-दुसरं बोट तळहाताकडे वळवलेलं. डावीनं चार आत, उजवीनं सहा बाहेर, उजवीनं चार आत, डावीनं सहा बाहेर: ही एक फेरी, वीस सेकंद. सहा फेऱ्या, दोन मिनिटं. कोपर हवेत धरून खांदा दुखतो आणि मग खांदा वर चढतो, म्हणून दुसऱ्या हातानं कोपराला खालून आधार द्यावा.

एक नाकपुडी बंद असणं हा बहुतेक वेळा रोग नसतो. आतली मऊ गादी आळीपाळीनं सुजते-उतरते, काही तासांनी बाजू बदलते. बंद बाजूनं जोर लावून ओढू नका, डोकं दुखते. ज्या बाजूची उघडायची तिच्या उलट कुशीवर पाच-सात मिनिटं झोपलं की बहुधा उघडते. तूर काढायच्या, सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत धुळीनं दोन्ही बंद होतात. तेव्हा अनुलोम-विलोम सोडून द्या, साधा चार-सहा करा. चुलीत पऱ्हाट्या पेटलेल्या असताना त्या खोलीत तर काहीच करू नका, धूर मोजून आत घेण्यात काय हशील?

हठयोगप्रदीपिकेत म्हटलं आहे की सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू वश होतात तसाच श्वास, घाई केली तर तो साधकालाच मारतो. वाघाच्या मुलखात राहणाऱ्यांना हे जास्त समजावून सांगायला नको.

उपकेंद्र_ड्युटी

दोन वाजताच्या जागेबद्दल. मोबाईलवर वेळ पाहू नका. वेळ कळली की उरलेल्या तासांचा हिशेब सुरू होतो. बाजेवर डाव्या किंवा उजव्या, सोईच्या कुशीवर, गुडघे थोडे वाकवून, एक हात पोटावर. आत तीन, बाहेर सहा. इथं आतला आकडा मुद्दाम लहान ठेवायचा. फक्त श्वास सोडताना मोजायचं, एक ते दहा श्वास, मग परत एकपासून. मोजणी चुकली की एकवर यायचं, चुकण्यात नुकसान नाही, झोपेकडं चालल्याचीच ती खूण असते. चार-सात-आठ म्हणून एक प्रकार फिरतो, त्यात सात आकडे श्वास रोखतात. नवख्यांना, बीपीवाल्यांना, सिकलसेलच्या ताईला तो देऊ नका.

वीस मिनिटं झाली असं वाटलं आणि झोप नाही आली, तर उठून ओसरीत बसा, घोटभर पाणी प्या, डोळे जड झाले की परत. बाजेवर पडून झोपेशी कुस्ती खेळायची नाही. आणि संध्याकाळनंतरचा चहा कमी करा. काळा चहा चार कप पिऊन रात्री श्वास मोजणं म्हणजे एकीकडून बैल हाकणं आणि दुसरीकडून वेसण ओढणं.

धुऱ्यावरचा

जो माणूस रात्री ओलीत कराले जाते त्यानं वावरात बसून डोये मिटून हे करू नये बरं. पाण्याची पाळी, साप, रानडुक्कर, मोटरीचा करंट. दार उघडलं, पाणी सरीले लागलं, मंग बंडीवर बसून, डोये उघडे, पेरं मोजा. टॉर्च हातात. अंगठा एका हाताचा पुरते.

सतरंजी_सोमवार

मग येत्या सोमवारपासून असं ठेवते: आल्याबरोबर पाणी, नाडी सैल, तीन-चारनं चोवीस पेरं, मग म्हाताऱ्यांसाठी दोन मिनिटं प्रार्थनेच्या ओळी, शेवटी मिनिटभर गप्प. कपालभाती बंद. पुढच्या महिन्यात आरोग्य दिवसाला सगळ्यांचं हिमोग्लोबिन आणि बीपी. मोजायचं काम कोणाकडं द्यावं? सगळ्यात मोठा आवाज अध्यक्षीणबाईंचा आहे.

पेरं_मोजा

मोठ्या आवाजाची नको, ती भराभर मोजेल. जी दळताना ओव्या म्हणायची तिला द्या. आणि तीन-चार म्हणजे सात सेकंदांचा श्वास, चोवीस पेरं पावणेतीन मिनिटांत होतील. एका हाताची बारा वाढवून छत्तीस केली तर सव्वाचार मिनिटं बसतात.